चंपाषष्ठीचं वांगं

वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची, बारावी सायन्सला आहे. आमचं कुलदैवत खंडोबा, त्यामुळे घरात चातुर्मास कडक. कांदेनवमीला शेवटचं वांगं खाल्लं की थेट चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्याच्या नैवेद्यालाच ते पुन्हा घरात येतं. गेल्या वर्षी या काळात लेकीचा चेहरा बऱ्यापैकी साफ होता. चंपाषष्ठीला तिनं भरीत खाल्लं आणि चार दिवसांत कपाळावर, हनुवटीवर दुखरे मुरूम उठले. सासूबाई म्हणतात, वांगं उष्ण, ते कायमचं बंद करा. लेक रुसून बसलीय, तिला भरीत जीव की प्राण. मी कोणाचं ऐकू? – एक आई, सासवड

उत्तर : ताई, लेकीचं ऐका. पण सासूबाईंना खोटंही पाडू नका. त्यांनी पाहिलंय ते बरोबर आहे, फक्त दिवस मोजायला त्यांनी उशिरा सुरुवात केली.

मुरूम एका रात्रीत येत नाही, तो दिसतो एका रात्रीत. त्वचेतल्या केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिथल्या मृत पेशी आणि तेल मिळून आधी एक बारीक गुठळी धरतात, जी डोळ्यांना दिसतच नाही. ती फुगते, आतले जंतू वाढतात, सूज येते आणि मग एके दिवशी आरशात लाल गाठ दिसते. या सगळ्याला सहा ते आठ आठवडे सहज लागतात. आता पंचांग काढा. दसरा ते चंपाषष्ठी हे अंतर साधारण ५५ दिवसांचं, म्हणजे आठ आठवड्यांच्या जवळपास. चंपाषष्ठीनंतर उगवलेल्या त्या मुरमांचं बी वांग्याच्या कितीतरी आधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरलं गेलं असणार. भरीत बिचारं ऐन पंचनाम्याच्या वेळी तिथे हजर सापडलं.

मग इतके महिने चेहरा साफ का होता? वांगं नव्हतं म्हणूनच, असं तुम्ही म्हणाल. पण कांदा-लसूणही नव्हता. कांदा-लसूण बंद म्हणजे क्लासच्या बाहेरचा वडापाव बंद, मिसळीबरोबरचा पाव बंद, चायनीजची गाडी बंद. वर्ज्य वांगं झालं, पण त्याच्याबरोबर कॉलेजकुमारीचा निम्मा मैदाही घराबाहेर राहिला. पुढे दिवाळीत शंकरपाळ्या, करंज्या, अनारसे यांचे डबे उघडले. मी हे दिवाळीवर शेकवत नाही हं, तुमच्या लेकीच्या डब्यात काय होतं ते मी पाहिलेलं नाही. पण वांगं आणि साखर यांतल्या एकावर संशय घ्यायचा झाला तर पुरावा साखरेविरुद्ध आहे.

तो पुरावा असा. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. निम्म्यांना रक्तातली साखर झपकन न चढवणारं जेवण दिलं, बाकीच्यांनी नेहमीसारखं पिष्टमय खाल्लं. मुरूम दोन्ही गटांत कमी झाले, पण पहिल्या गटात सरासरी २३-२४ आणि दुसऱ्यात १२. पहिल्या गटातल्या मुलांचं वजनही उतरलं होतं, म्हणून सगळं श्रेय जेवणातल्या बदलाला द्यायला मी कचरते. पण कारण पटण्यासारखं आहे. साखर झपकन चढली की इन्शुलिन वाढतं, त्याच्यामागोमाग वाढीला चालना देणारी संप्रेरकं जागी होतात आणि तेलग्रंथी जास्त तेल गाळू लागतात.

दुसरी एक नोंद मला फार आवडते. पापुआ न्यू गिनी या देशात किटावा नावाचं बेट आहे. तिथल्या १२०० माणसांची तपासणी झाली, निष्कर्ष २००२ मध्ये छापून आले. एकालाही मुरूम सापडला नाही, तरण्या पोरांनाही नाही. खातात काय? कोनफळाच्या जातीचे कंद, रताळी, अळकुड्या, फळं, मासे, नारळ. म्हणजे आपल्याकडे जे ‘जड’, ‘वातूळ’ म्हणून बाजूला सारतात तेच. त्यांची आनुवंशिकता वेगळी, राहणी वेगळी, त्यामुळे उद्यापासून लेकीला अळकुड्यांवर ठेवू नका. पण पिठूळ कंद दिसला की मुरूम येणारच, हा समज तरी त्यातून सुटतो.

आता माझं मत. भाजीनं मुरूम जात नाहीत. भाजी ताटात जागा अडवते, हा तिचा खरा उपयोग. आपण भाजीला ‘तोंडीलावणं’ म्हणतो आणि वागतोही तसंच: पानाच्या कोपऱ्यात चमचाभर, आणि मध्ये भाताचा डोंगर. त्याऐवजी वाटीभर पालेभाजी, वाटीभर फळभाजी किंवा उसळ आणि कच्ची कोशिंबीर आधी वाढा, मग भाकरी नाहीतर पोळी. तंतूंमुळे साखर सावकाश चढते आणि पोटही भरतं. मी सांगलीची, कृष्णाकाठच्या वांग्यांवर वाढलेली. त्यांना ताटाबाहेर काढा असं माझ्या हातून लिहिलं जाणं अवघड आहे. फक्त भरल्या वांग्यावर तेलाचा तवंग किती आणि बरोबर पोळ्या किती, ते बघा.

एक अपवाद. वांगं खाल्ल्यावर तासा-दोन तासांत ओठ खाजत असतील किंवा अंगावर गांधी उठत असतील, तर ती अ‍ॅलर्जी. तिथे वांगं बंदच करायचं. पण त्याचा मुरमांशी संबंध नाही.

लेकीला तीन गोष्टी विचारा. थंडीत चेहऱ्याला साय किंवा खोबरेल लावते का? केसांना तेल चोपडून कपाळावर बट सोडून झोपते का? पाळी वेळेवर येते का? पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर कपाळावरच्या मुरमांचा उलगडा तिथेच होऊ शकतो. पाळी दोन-दोन महिने लांबत असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील तर तपासणी करून घ्या, कारण मग प्रश्न संप्रेरकांचा आहे आणि तो ताटात सुटणार नाही. दुखऱ्या गाठी खड्डे पाडून जातात, तेव्हा डॉक्टरांकडे जायला बारावीची परीक्षा संपायची वाट पाहू नका. औषध सुरू केल्यावरही आठ ते बारा आठवडे धीर धरावा लागतो. आणि मैत्रिणीनं दिलेली ‘गोरं करणारी’ ट्यूब घरात असेल तर ती आजच फेकून द्या. अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असतं, त्यानंच मुरूम उठतात.

प्रश्न : मी २१ वर्षांचा आहे, जिमला जातो. पाठीवर आणि खांद्यांवर मुरूम आहेत. रक्तशुद्धीसाठी दोन महिने रोज उपाशीपोटी कारल्याचा आणि दुधीचा रस पितोय, काही फरक नाही. प्रमाण वाढवू का? – लातूर

उत्तर : नको रे बाबा. रक्त गाळायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं चोवीस तास करतात, त्यांना कारल्याच्या मदतनिसाची गरज नाही. कारलं भाजी म्हणून खुशाल खा.

दुधीचा मात्र धोका आहे. दुधी कडू निघाला तर त्यातलं कडू द्रव्य विषारी असतं. त्याच्या रसानं रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावलेली आहेत आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) त्यावर तज्ज्ञांची समितीही नेमली होती. आपल्या आज्या दुधी चिरायच्या आधी फोड जिभेला लावून बघायच्या, ते उगाच नव्हे. तू कडू कारलं त्यातच मिसळतोस, मग दुधी कडू होता हे तुला कळणार कसं? आजपासून बंद.

तू पत्रात लिहिलं नाहीस ते मी विचारते: डब्यातली प्रोटीन पावडर घेतोस का? ती बहुधा दुधाच्या निवळीपासूनची (‘व्हे’) असते आणि ती घेणाऱ्या मुलांत, विशेषतः पाठीवर, मुरूम वाढल्याच्या नोंदी आहेत. दोन-तीन महिने तिच्याऐवजी अंडी, चणे, मटकी खाऊन बघ. व्यायाम झाला की घामेजलेला बनियन लगेच बदल. जिममधल्या कोणी स्नायू फुगवायला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर तेही डॉक्टरांना सांग. लाजायचं नाही, आम्हाला पाठ पाहूनच शंका येते.

प्रश्न : त्वचा उजळावी म्हणून महिनाभर रोज तीन-चार गाजरांचा रस घेतला. आता तळहात पिवळे दिसतात. कावीळ असेल का? – नाशिक

उत्तर : उजेडात जाऊन डोळ्यांचा पांढरा भाग बघा. तो पांढराच असेल आणि लघवीही नेहमीच्या रंगाची असेल, तर हा गाजराचाच रंग, तळहात-तळपायांवर साचलेला. रस थांबवा, काही आठवड्यांत तो ओसरेल. डोळे पिवळे असतील तर मात्र आजच रक्त तपासा.

गाजरातून शरीर लागेल तेवढंच अ जीवनसत्त्व बनवून घेतं, म्हणून गाजरानं विषबाधा होत नाही. गोळ्यांचं तसं नाही. ‘गाजर चालतं तर गोळी का नको’ म्हणून कोणी अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नयेत, गरोदर किंवा दिवस जायची शक्यता असलेल्या बाईनं तर मुळीच नाही, गर्भात व्यंग येऊ शकतं. गाजर खायचंच तर रस काढून चोथा टाकू नका. शिजवा, चमचाभर तेलाची फोडणी द्या, रंगद्रव्य अंगी लागायला तेल लागतंच. तुमच्याकडे आता हिवाळ्यात लाल गाजरं येतील, त्यांची मटार घालून भाजी करा. हलवा नको म्हणत नाही, पण त्याला भाजी म्हणू नका.