दर शनिवारी एक तास मिळाला आहे. सातवी-आठवीच्या मुलांना लोकशाही आणि कायदा कसा शिकवू?

तुम्ही लिहिलंय की परभणीजवळच्या तुमच्या गावच्या शाळेत शनिवारचा एक तास मिळालाय, नागरिकशास्त्राचं पुस्तक उघडलं की मुलं जांभया देतात, आणि मुख्याध्यापकांनी "राजकारण तेवढं आणू नका" असं बजावलंय. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सहावी ते आठवीला इतिहास-नागरिकशास्त्र घेतो. तुमच्या तिन्ही अडचणी आमच्याकडेही आहेत.

मुख्याध्यापकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पक्ष आणू नका, गावातली पॅनलं तर मुळीच आणू नका. सरपंचाचा पुतण्या आणि पडलेल्या उमेदवाराची मुलगी एकाच वर्गात बसतात, आणि कोण कुणाच्या गटात हे लेकरांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. पण निर्णय कोण घेतं, कसा घेतं, आणि तो पटला नाही तर दाद कुठं मागायची हेही राजकारण म्हणून वगळलं, तर शिकवायला राहतं काय? राज्यसभेची सदस्यसंख्या. ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाठ होते. त्यासाठी शनिवार घालवू नका.

आधी घर, मग गाव, मग जिल्हा हा पुस्तकातला क्रम आहे. मी तो पाळत नाही. गावापासून सुरुवात केली की वर्गात लगेच दोन तट पडतात आणि घरी जाऊन "सर असं म्हणाले" सुरू होतं. विषय गावाबाहेरचा हवा, पण प्रत्येकाच्या रानापर्यंत पोचणारा हवा. आपल्याकडे असा विषय शोधत बसावं लागत नाही. जायकवाडी धरणाचं पाणी घ्या. तुमच्या जिल्ह्यात तर डावा कालवाच येतो.

फळ्यावर गोदावरी काढायची. वर नाशिककडे गंगापूर, दारणा, मुकणे. नगरकडे प्रवरेवर भंडारदरा आणि निळवंडे, मुळेवर मुळा धरण. प्रवरासंगमापाशी प्रवरा गोदावरीत येते आणि पुढं पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय. मग वर्गाचे तीन गट करायचे. एक वरच्या धरणांचा, एक जायकवाडीच्या खालचा, आणि तिसरा निवाडा देणारा. पाऊस कमी झालाय, सगळ्यांनाच पाणी पुरणार नाही, बोला.

खालचा गट जोरात असतो, कारण ती आपलीच लेकरं. "छत्रपती संभाजीनगर आणि जालना काय पिणार?" "नदी काय नाशिकच्या एकट्याची आहे का?" वरच्या गटाला आधी काही सुचत नाही, मग सुचायला लागतं. पाऊस आमच्या डोंगरात पडतो, धरणात आमच्या जमिनी गेल्या, सोडलेलं निम्मं पाणी वाटेत वाळूत जिरतं. भांडण रंगात आलं की थांबवायचं आणि गटांच्या बाजू बदलायच्या. आता पैठणवाल्यांनी नाशिकची बाजू मांडायची. इथं जो गोंधळ होतो तो होऊ द्या. दुसऱ्याची बाजू नीट मांडता येणं ही या वयात शिकवण्यासारखी गोष्ट आहे, आणि ती व्याख्येनं येत नाही.

तिसऱ्या गटाला "कोण बरोबर?" असं विचारू नका. नियम लिहून मागा. किती पाणी सोडायचं, कोणत्या तारखेला ठरवायचं, मोजायचं कुणी, आणि वरच्यांनी नाहीच सोडलं तर काय? पहिल्यांदा "अर्धं-अर्धं" असं येतं. मग कुणीतरी विचारतं, धरण तळाला गेलेलं असेल तर अर्धं कशाचं? मग टक्के येतात, तारखा येतात. कागदाच्या एका बाजूवर मुलांनी एक छोटा कायदाच लिहिलेला असतो.

त्यानंतर खरा कायदा सांगायचा. २००५ साली राज्याच्या विधिमंडळानं महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. टंचाईच्या वर्षी नदीखोऱ्यातल्या सगळ्यांनी कमी-जास्त समान सोसायचं हे तत्त्व त्यात आहे. प्राधिकरणानं २०१४ मध्ये त्याचं सूत्र घालून दिलं. ढोबळमानानं सांगायचं तर १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या आत असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, २०१६ मध्ये न्यायालयानं समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. २०२३ मध्ये पाऊस हुकला. ऑक्टोबर संपता संपता ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, तरी प्रत्यक्ष पाणी सुटलं ते नोव्हेंबर सरत आल्यावर. मधल्या काळात वरचे कोर्टात गेले, खालचे रस्त्यावर उतरले. ६५ हा आकडा बदलावा की नाही यावर अजूनही ओढाताण चालते.

आमच्याकडे हे सांगून झाल्यावर आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "कायदा २००५ ला झाला ना सर, मग २०१४ पर्यंत काय चाललं होतं?" असा प्रश्न आला की संसदीय शासनपद्धती, राज्यशासन, नोकरशाही, न्यायव्यवस्था असे आठवीच्या पुस्तकातले सुटे-सुटे पाठ एकाच धाग्यात येतात. कायदा केला विधिमंडळानं. सूत्र ठरवलं प्राधिकरणानं. आदेश काढायचा पाटबंधारे महामंडळानं, दरवाजे उघडायचे अभियंत्यांनी. कुणी चालढकल केली तर न्यायालय, पण न्यायालयात कुणीतरी जावं लागतं, ते आपणहून दर गोष्टीत येत नाही. या प्रकरणाला मी एक नाही, लागोपाठ दोन-तीन तास देतो. तुम्हीही हात आखडू नका.

कायदा म्हटलं की लेकरांच्या डोळ्यांपुढं पोलिसच येतो. ते घालवायला लातूरचं उदाहरण चांगलं आहे. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणांजवळ पाचपेक्षा जास्त माणसांनी जमू नये म्हणून जिल्हा प्रशासनानं १४४ कलम लावलं होतं. (पुढच्या महिन्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्यांना ऐकून माहीत असतं, १४४ कुणाला माहीत नसतं.) हे कलम आता नव्या संहितेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, १६३ झालंय. मुलांना विचारा, घागर घेऊन नळावर जमणं हा गुन्हा कसा? शांततेनं एकत्र जमायचा हक्क संविधानाच्या १९व्या कलमात दिलाय ना? मग तोच हक्क वाजवी कारणासाठी मर्यादित करता येतो हेही तिथंच लिहिलंय, ते दाखवा.

याच्याच शेजारी निजामाचा काळ ठेवा. गश्ती निशाण ५३ म्हणून एक फर्मान होतं. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. म्हणजे बंदी तेव्हाही होती आणि २०१६ मध्येही. फरक काय ते मुलांनी शोधायचं. १४४च्या आदेशात कारण लिहावं लागतं, तो साधारण दोन महिन्यांपलीकडे आपोआप चालत नाही, आणि त्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. निजामानं परवानगी नाकारली तर दाद मागायची कुणाकडे? निजामाकडेच. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आपण दरवर्षी झेंडा लावतो, भाषणं होतात, आणि "बाकीच्या देशाला १५ ऑगस्टला स्वातंत्र्य मिळालं, मग आपलं १७ सप्टेंबर १९४८ कसं?" एवढं विचारलं तरी निम्मा वर्ग गप्प असतो. तेव्हा हा तास सप्टेंबरातच घ्या. निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव भाषणात येतंच. लढा कशासाठी होता, हे सभाबंदीच्या उदाहरणानं त्यांना पटकन कळतं. आणि पुढं तीन-चार वर्षांतच, १९५१-५२ च्या निवडणुकीत, याच भागातल्या माणसांनी, बायांनीसुद्धा, हैदराबाद राज्याची विधानसभा निवडायला मत टाकलं.

बालविवाहाचा विषय आपल्या भागात टाळता येत नाही. आठवीनंतर मुलगी शाळेत दिसेनाशी होते, कारण सगळ्यांना माहीत असतं. "बालविवाह ही अनिष्ट प्रथा आहे" हे वाक्य त्यांनी निबंधात इतक्यांदा लिहिलंय की त्याचा अर्थ उरलेला नाही. त्यापेक्षा रस्ता सांगा. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर कोण उचलतं, पुढं कोण येतं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी कोण? ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. न्यायालय लग्न थांबवायचा मनाई आदेश काढू शकतं. २००६ च्या कायद्यात लग्न लावणारा आणि ते होऊ देणारे आई-बाप दोघांनाही शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बाईला मात्र या कायद्यात कैद होत नाही. हे ऐकून मुलं "हे कसं काय?" म्हणून वाद घालतात, घालू द्या. झालेलं लग्नसुद्धा सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत रद्द करून मागता येतं, हे तर मोठ्या माणसांनाही माहीत नसतं. एक पथ्य पाळा. कुणाच्या घरातलं उदाहरण वर्गात निघू देऊ नका. तास संपल्यावर कुणी एकटी येऊन बोलली तर ती वेगळी गोष्ट, त्यासाठी थोडा वेळ थांबत जा.

शाळेतल्या निवडणुकीबद्दल माझं मत फार बरं नाही. मोबाईलवरचं मतदान यंत्र, बोटाला शाई, गुलाल, पेपरात फोटो. निकाल लागला की मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री वर्षभर कुठं दिसत नाहीत. लेकरं त्यातून एवढंच शिकतात की लोकशाही म्हणजे मतदानाचा एक दिवस. निवडणूक घ्यायचीच असेल तर निवडून आलेल्यांच्या हाती खरं काहीतरी द्या. खेळाच्या सामानाचे चार पैसे, किंवा वाचनालयाच्या चाव्या. महिन्याला बैठक, अजेंडा आधी लावायचा, ठरावाला सूचक आणि अनुमोदक, इतिवृत्त रजिस्टरमध्ये. "सूचक अमुक, अनुमोदक तमुक" असं आपलं नाव लिहिलेलं पाहून सातवीतली पोरं जी ताठ बसतात, ती इतर कशानं बसत नाहीत. आणि पुढच्या बैठकीत "मागच्या ठरावाचं काय झालं?" हा पहिला विषय ठेवा. शाळा व्यवस्थापन समितीत मुलांचे प्रतिनिधीही घ्यायचे असतात. तुमच्या शाळेत ती नावं नुसती कागदावर आहेत का ते हळूच बघा.

गावाकडे यायचं ते यानंतर. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी तो. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मग गणपूर्ती लागत नाही. हा नियम फळ्यावर लिहून गप्प बसा. काही मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "म्हणजे पहिल्या सभेला कुणीच गेलं नाही तर दुसरीत चार जणांत ठराव होतो की ओ!" ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो, तो मोबाईलवर दाखवा. माहिती अधिकाराचा अर्जही लिहायला शिकवा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस. मात्र मुलांच्या नावानं खरा अर्ज टाकू नका. कायद्यात वयाची अट नाही हे खरं, पण लहान गावात अर्जदाराचं नाव संध्याकाळपर्यंत पारावर पोचतं आणि निस्तरावं लागतं ते त्या घराला.

वेळापत्रक लावताना ऊसतोडीकडे लक्ष द्या. तुमच्याकडे किती कुटुंबं जातात माहीत नाही, आमच्याकडे दिवाळीनंतर वर्ग निम्म्यावर येतो तो गुढीपाडव्यापर्यंत. महत्त्वाचे तास जून ते ऑक्टोबर घ्या. जी लेकरं आई-बापांबरोबर कारखान्यावर जातात, मतदार यादीतून सगळ्यात आधी तीच घरं बाजूला पडतात. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, टोळ्या तेव्हा निघून गेलेल्या. टपाली मतदान ठराविक लोकांनाच मिळतं, ऊसतोड कामगार त्यात नाहीत. परत आलेल्या मुलांना विचारा, कायदा तुम्ही लिहिणार असाल तर काय लिहाल? तारीख बदलावी, कारखान्यावर पेटी ठेवावी, अशी उत्तरं येतात. ती विधानसभा अध्यक्षांना पत्र म्हणून लिहून घ्या.

आणि कुणी पालक "पोरांना राजकारण काय शिकवता?" म्हणून शाळेत आलेच, तर आठवीचं पुस्तक न्यायव्यवस्थेच्या पाठावर उघडून त्यांच्यापुढं ठेवा आणि जायकवाडीचा नकाशाही दाखवा. बागायतदार असतील तर पुढचा तासभर तेच बोलतील.