लशींचा फ्रीज आणि तीन लिप्यांतली लक्ष्मी

प्रश्न : बीसीए (संगणकाची पदवी) झाले आहे. एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करून लसीकरणाच्या तंत्रज्ञानात काम करायचंय. आधी काय शिकू? – एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, आधी साथरोगशास्त्र आणि जैवसंख्याशास्त्र, म्हणजे आरोग्याच्या आकड्यांचं शास्त्र. कोडिंग येणारे पुष्कळ भेटतात. टक्केवारी काढताना छेदात कोण धरायचं हे कळणारे थोडे. प्रवेशाआधी बिगर-वैद्यकीय पदवी चालते का, हे विचारून घ्याच.

प्रबंधाला प्राथमिक आरोग्य केंद्रातला लशींचा फ्रीज उत्तम. तापमान २ ते ८ अंश हवं. दर १० मिनिटांनी नोंद घेणारा लॉगर दिवसाला १४४ आकडे देतो. सेन्सर थंड भिंतीला टेकला तर आकडा फसवा येतो. तो लशींच्या खोक्यांमध्येच ठेवा. सगळे उष्णतेला घाबरतात, पण हिपॅटायटिस बी आणि पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकच लस) या लशी गोठल्या की वायाच. शून्याखालच्या नोंदी वेगळ्या काढा.

त्याहून अवघड काम नावं जुळवण्याचं. कर्नाटकातल्या खानापूरची सून बाळंतपणाला चंदगडला माहेरी जाते. बाळाला बीसीजी (क्षयरोगाची लस) महाराष्ट्रात मिळते, सहाव्या आठवड्याची पेंटाव्हॅलंट कर्नाटकात. एकीकडे आईचं नाव मराठीत, दुसरीकडे कन्नडमध्ये, ॲपमध्ये रोमन लिपीत. ‘लक्ष्मी’ची स्पेलिंगं तर दोन-तीन. नुसत्या नावावर जुळवलंत तर एका बाळाची दोन होतात आणि एक ‘लस चुकलेलं’ दिसतं. आरसीएच क्रमांक (माता-बाल आरोग्य नोंदणीतला), बाळाची जन्मतारीख, गावाचा कोड एकत्र तपासा. आईची जन्मतारीख १ जानेवारी असेल तर त्या तारखेवर विसंबू नका; खरी माहीत नसली की बऱ्याचदा तीच भरतात. उरलेल्या जोड्या आशाताईंसोबत बसून हातानेच सोडवाव्या लागतात. त्यासाठी कन्नड वाचता यायलाच हवं. आणि नैतिकता समितीची परवानगी येईपर्यंत एकही यादी लॅपटॉपवर घेऊ नका.