मालवणला स्कूबा केलंय. कॅलिफोर्नियात माँटेरेच्या थंड पाण्यात किनाऱ्यावरून डायव्हिंग झेपेल का? काय बघायला मिळतं?

थंडीचं काय घेऊन बसलाय पाव्हणं! मीही कोल्हापूरचाच, नोकरीपायी काही वर्षं माँटेरेजवळ होतो. तिथलं पाणी साधारण १० ते १५ अंश. त्याला इलाज आहे: ७ मिलिमीटर जाडीचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख), डोक्यावर हूड, हातमोजे, बूट. जाड सूट तरंगतो म्हणून कमरेला शिसं जास्त लागतं. ते गणित आधी उथळ पाण्यात बसवून घ्या.

खरी परीक्षा आत शिरताना आणि बाहेर येताना. मालवणला होडी नेते, ट्रेनर धरून फिरवतो, आपण मासे बघायचे. (त्याला डायव्हिंग म्हणणं जरा जास्तच. आधी ओपन वॉटर हा डायव्हिंगचा सुरुवातीचा कोर्स करा, त्याच्या कार्डाशिवाय तिकडे हवेची टाकी भाड्यानं देत नाहीत.) माँटेरेला टाकी पाठीवर घेऊन लाटांतून चालत जायचं. आधी काठावर उभं राहून नुसतं बघा. मोठ्या लाटा घोळक्यानं येतात, मग जरा उसंत मिळते. तेवढ्यात शिरायचं, रेग्युलेटर (टाकीतली हवा ओढायचं साधन) तोंडातच ठेवून. हवामानात फक्त लाटेची उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंदही बघा. उंची तेवढीच असली तरी १५ सेकंदांनी येणारी लाट काठावर भलतीच जोरात आपटते. मन खात असेल तर सामान गाडीत टाका आणि सरळ नाश्त्याला जा. सुरुवातीला सॅन कार्लोस बीच बरा, दगडी बंधाऱ्याचा आडोसा आहे.

वसंतात वायव्येचे वारे वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतात आणि खालचं गार, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) माजतं, मग तीन मीटरवरचा जोडीदारही दिसेनासा होतो. नितळ पाणी हवं तर शरदात जा. पण तिथलं सगळं जगतं ते या गार पाण्यावरच. जायंट केल्प हे समुद्री शेवाळ चांगल्या दिवसांत रोज ३० सेंटिमीटरहून जास्त वाढतं. आत शिरलं की उसाच्या फडात शिरल्यागत वाटतं. अडकलात तर गरागरा फिरू नका. थांबा, देठ वाकवा, कट्कन मोडतो. परतताना टाकीत हवा राखून ठेवा, म्हणजे वरच्या गुंत्याखालून पोहत बाहेर पडता येतं.

पांढरी समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी), रॉकफिश मासे, शंख नसलेल्या रंगीत गोगलगायी दिसतात. सील मागून येऊन पायातले फिन्स (पोहायचे पंखे) चावून बघतात. पाणमांजर उताणं तरंगत, छातीवर दगड ठेवून त्यावर शिंपले आपटतं. तो टकटक आवाज लांबून ऐकू येतो. त्याच्याजवळ जायचं नाही, कायद्यानं संरक्षित प्राणी आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा. २०१३ पासून तारामाशांवर रोग आला आणि अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा, केल्प खाणारा समुद्री जीव) खाणारा मोठा सूर्यफूल तारामासा जवळजवळ संपला. त्यातच समुद्र तापला. जांभळ्या अर्चिननी बऱ्याच ठिकाणचं केल्प फस्त केलंय. तेव्हा जुने फोटो बघून जागा ठरवू नका, सध्या केल्प कुठे उभं आहे ते तिथल्या डायव्ह शॉपात विचारा.