दहावं वचनही वाच

प्रिय लेकरा, जय ख्रिस्त.

बाहेरगावच्या सेवकाने म्हणजे उपदेशकाने सभेत बायबलमधलं यिर्मया 29:11 ('तुमच्या हिताचे संकल्प मी करतो, तुम्हाला आशा देईन' हे देवाचं वचन) वाचलं, 'दिवाळीच्या आत कर्ज फिटेल, प्रभूने मला दाखवलं' म्हणाला आणि तुझ्या भावाला सोयाबीनच्या पैशातून 'विश्वासाचं बी' पेरायला, म्हणजे दान द्यायला, सांगितलं. हे खरं मानावं का, असं तू विचारतोस.

आधी वरचं दहावं वचन वाच. बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. हे यिर्मया संदेष्ट्याचं पत्र बाबेलला धरून नेलेल्या यहुद्यांना गेलं, आणि त्यातले कितीतरी परक्या मुलखातच मरणार होते. म्हणूनच देव त्यांना सांगतो, घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा. आशा खरीच आहे, पण दिवाळीपर्यंतचा वायदा त्यात कुठेच नाही.

आता एक अध्याय मागे जा. हनन्या नावाचा खोटा संदेष्टाही मंदिरात, याजकांसमोर, परमेश्वराच्याच नावाने बोलला: बाबेलने नेलेली माणसं आणि मंदिरातली भांडी, दोन वर्षांत सगळं परत येईल. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू त्याने मोडून टाकलं. यिर्मया काय म्हणाला बघ: आमेन, परमेश्वर असंच करो. त्यालाही तेच हवं होतं रे! तरी देवाने न सांगितलेलं त्याने तोंडातून काढलं नाही. इथे मला दर वेळी भरून येतं. आपल्या वऱ्हाडात, कपाशीला बोंडअळी लागलेल्या वर्षी, 'दोन वर्षं' म्हणणं फार सोपं. 'सत्तर' म्हणायला छाती लागते.

प्रामाणिक माणूसही चुकतो. अमेरिकेतल्या विल्यम मिलरने दानीएलाच्या पुस्तकावरून हिशेब मांडला. 22 ऑक्टोबर 1844 ला त्याचे लोक येशूच्या परत येण्याची वाट पाहत राहिले. पुढे त्याने चूक उघड कबूल केली. त्याचा हिशेब निदान तपासता येत होता. 'मला दाखवलं' हे कुठे तपासणार? बिरुया गावच्या लोकांनी प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात पडताळलं, आणि 'प्रेषितांची कृत्ये' लिहिणारा लूक त्यांना मोठ्या मनाचे म्हणतो.

पैशाबद्दल आरंभीच्या मंडळ्यांच्या 'डिडाखे' या शिकवणीच्या पुस्तकात स्पष्ट आहे: आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचं ऐकू नका, गरजूंसाठी मागत असेल तर दोष देऊ नका.

भावाला म्हणावं, सोयाबीनचे पैसे आधी सोसायटीत भर. सेवकाला नम्रपणे विचार, दहावं वचन का गाळलं? चिडले तर वाद घालू नकोस. रविवारी तुला बोलायचं आहे, तेव्हा सत्तावीस ते एकोणतीस हे तिन्ही अध्याय मंडळीसमोर सलग वाच.

तुझा,
काका