त्रुटी स्टॉपवॉचची की बोटाची?

प्रश्न: पहिल्या वर्षाच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला साधा लंबक केला, लांबी १.०० मीटर. २० दोलनांचा वेळ सहादा घेतला: ४०.१२, ४०.३१, ३९.९८, ४०.२५, ४०.१९ आणि शेवटी ३८.१४ सेकंद. स्टॉपवॉचचा लीस्ट काउंट (घड्याळ दाखवू शकतं तो सगळ्यात लहान भाग) ०.०१ सेकंद म्हणून त्रुटी ±०.०१ लिहिली तर जर्नलवर लाल शेरा आला, असं का? आणि ते ३८.१४ खोडून टाकलं तर चालेल का?

उत्तर: शेरा बरोबरच आहे बरं का. घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं, पण बटण दाबतंय तुझं बोट, आणि डोळ्यांनी बघून बोट हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातातच. मग ±०.२ लिहू का म्हणशील, तर तेही नाही, कारण सुरू करताना जेवढा उशीर होतो जवळपास तेवढाच थांबवताना होतो आणि वजाबाकीत उडून जातो, शिवाय लंबक येताना आधीपासून दिसतो त्यामुळे आपण अंदाजाने दाबतो. उरते ती फक्त दर वेळची कमी-जास्त गडबड, आणि ती किती आहे ते तुझी रीडिंग्जच सांगतायत.

आधी ३८.१४ बघू, कारण सगळ्यात मजेशीर तेच आहे. बाकी पाचांची सरासरी ४०.१७, म्हणजे एका दोलनाला २.०१ सेकंद, आणि हे रीडिंग कमी किती आहे? २.०३! म्हणजे एक दोलन मोजायचंच राहिलंय, बटण दाबताना 'शून्य' म्हणायच्या ऐवजी 'एक' म्हटलं की हमखास असं होतं. ही मोजमापातली त्रुटी नाही, सरळ चूक आहे. सरासरीत घेतलंस तर जी (g, म्हणजे या लंबकावरून काढायचं ते गुरुत्वीय त्वरण, मी/से² मध्ये) ९.७९ चा ९.९५ होईल. पण खोडरबर नको, एक रेघ मारून शेजारी कारण लिही आणि जमलं तर परत रीडिंग घे. नुसतं 'बाकीच्यांशी जुळत नाही' हे कारण मी तरी मानणार नाही, इथे २.०३ हा पुरावा आहे म्हणून चालतं.

आता पाच रीडिंग्जचं स्टँडर्ड डेव्हिएशन (रीडिंग्ज सरासरीभोवती साधारण किती पसरलीयत त्याचं माप) ०.१३ येतं, ते पाचच्या वर्गमुळाने भागलं की सरासरीतली त्रुटी ०.०६ सेकंद. २० ने भागून आवर्तकाल, म्हणजे एका दोलनाचा वेळ, २.००९ ± ०.००३. जी काढताना आवर्तकालाचा वर्ग होतो म्हणून टक्केवारी दुप्पट, ०.१५ ची ०.३ टक्के, तेव्हा जी ९.७९ ± ०.०३ लिही (लांबीतली एखाद-दोन मिलिमीटरची चूक यात धरलेली नाही, ती वेगळी मिळवायची, आणि लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजलीस ना?).

२० दोलनं एकदम का मोजायची तेही यातच कळतं. एकेक दोलन वीसदा मोजून सरासरी काढलीस तर ०.१३ भागिले वीसचं वर्गमूळ, साधारण ०.०३. सलग वीस एकदाच मोजलीस तर ०.१३ भागिले २०, म्हणजे ०.००७ पेक्षाही कमी.

आणि बटण गोळा मध्यातून जाताना दाबायचं, टोकाला नाही, कारण टोकाला तो इतका हळू असतो की नेमका कधी वळला ते कळतच नाही. झोकाही लहान ठेव, २० अंशाचा घेतलास तर आवर्तकाल पाऊण टक्क्याने वाढतो आणि ते कितीही रीडिंग्जची सरासरी काढून जात नाही, घड्याळच मागे पडत असेल तर त्याचंही तसंच.