मुलं वाढताहेत, मग कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) कोणत्या मांडणीची घ्यावी?

मुलं आज केवढी आहेत हे बघू नका, चार-पाच वर्षांनी केवढी होतील ते धरून चाला. बघायला जाताना टेप न्या आणि बंकची (एकावर एक असलेल्या अरुंद पलंगांची) गादी आतून मोजा. बरेच बंक १८० सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून आखूड असतात; उंच होणाऱ्या मुलाचे पाय लवकरच भिंतीला टेकतात. बंक किती वजन पेलतो तेही विचारा. सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बंकवर झोपवू नका, कठडा असला तरी.

टेबल खाली करून पलंग होतो, ही सोय विकताना फार गोड वाटते. पण रोज रात्री गाद्या जुळवायच्या, सकाळी मोडायच्या, आणि धाकटं आठला झोपलं की मोठ्यांना बसायला जागाच नाही! म्हणून माझं ठाम मत: मुलांचे बंक कायमचे आणि मागच्या टोकाला, मध्ये पडदा, बसायची जागा वेगळी.

रात्री टॉयलेटला जाताना कुणाला ओलांडावं लागतं का, तेवढं आत झोपून बघाच. आणि सामानाची वजनमर्यादा तपासा. मुलांबरोबर सायकलीही मोठ्या होतात.