कामाची मुदत आणि सणाचा प्रवास एकाच वेळी आले तर वजन कसे सांभाळावे?

तीन महिने नेटाने वजन कमी केले, पण आता कार्यालयात कामाचा डोंगर आहे आणि लगेच सणासाठी गावी जायचे आहे, तेव्हा केलेली मेहनत वाया जाऊ नये यासाठी काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. मी कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करतो. लेखापरीक्षण अहवालाची 30 सप्टेंबरची मुदत आणि गणपती आमच्याकडे एकमेकांना खेटूनच येतात, त्यामुळे ही अडचण माझ्या चांगल्याच ओळखीची आहे.

पहिली दोन वर्षे मी या काळातही आठवड्याला अर्धा किलो उतरवण्याचा हट्ट धरला आणि दोन्ही वेळा दिवाळी येईपर्यंत सगळेच सोडून दिले. तिसऱ्या वर्षापासून ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबर लागेपर्यंत वजन आहे तेथेच राखायचे, एवढेच मी ठरवतो. उतरवण्याचे काम त्यानंतर.

माझ्या अनुभवात खरे नुकसान सणाच्या पंगतीत होत नाही, ते कार्यालयात होते. संध्याकाळी सात वाजता कोणीतरी कागद घेऊन वडापावची यादी करत फिरतो आणि दुपारी एकनंतर काहीही न खाल्लेला माणूस त्याला नाही म्हणू शकत नाही. म्हणून मी पाच वाजताच डब्यातले मूठभर फुटाणे आणि एक काकडी खाऊन घेतो. सातला भूकच नसते, मग निग्रहाचाही प्रश्न येत नाही. चहाचे गणित तर मी बरीच वर्षे केलेच नव्हते. मुदतीच्या आठवड्यात दिवसाला सहा कप आणि कपाला दोन चमचे साखर धरली, तर सुमारे 60 ग्रॅम साखर, म्हणजे 240 कॅलरी केवळ चहातून पोटात जात होत्या. टपरीवरच्या चहातली साखर आपल्या हातात नसते, त्यामुळे मी कपच तीनवर आणले.

गावी, राजापूर तालुक्यात, प्रश्न आग्रहाचा असतो. काकू उकडीच्या मोदकाचे नाक मोडून आत तुपाची धार सोडतात आणि पान रिकामे दिसले की विचारल्याशिवाय पुढचा मोदक वाढतात. हात आडवा धरून उपयोग होत नाही, हे मी शिकलो आहे. दुसरा मोदक निम्मा संपवून आमटीभाताकडे वळावे आणि उरलेला निम्मा पंगत उठेपर्यंत पानात राहू द्यावा, हा त्यावर चालणारा उपाय आहे. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीची भाजी असते. आमच्या घरी ती तेलाशिवायच होते, तेव्हा त्या दिवशी मी ती मनसोक्त वाढून घेतो.

परतल्यावर लगेच वजनकाट्यावर उभे राहू नका. एक किलो चरबी साठायला साधारण 7,700 कॅलरी जास्तीच्या लागतात. पाच दिवसांत दोन किलो चरबी वाढायची असेल तर रोज गरजेपेक्षा तीन हजारांहून अधिक कॅलरी खाव्या लागतील आणि तेवढे मोदक काकूंच्या आग्रहानेही जात नाहीत. काट्यावर दिसणारी वाढ बहुतांशी पाण्याची असते, कारण जास्त भात, गूळ आणि मीठ खाल्ले की शरीर पाणी धरून ठेवते. नेहमीचे जेवण सुरू झाल्यावर आठवड्याभरात ते उतरते. हे ठाऊक नसताना मी परतल्यावर दोन दिवस उपास करून भरपाई करू पाहत असे, आणि उपास म्हणजे आमच्याकडे तुपातली साबुदाण्याची खिचडी, तेव्हा ती भरपाई कशी होत असेल याचा अंदाज तुम्हाला येईलच.

निघताना काकू करंज्यांचा डबा देतातच आणि तो नाकारता येत नाही. पूर्वी तो घरी ओट्यावर राहायचा आणि येताजाता मीच संपवायचो. आता मी तो दुसऱ्या दिवशी कार्यालयात नेतो. वडापावची यादी सुरू होण्याआधीच तो रिकामा झालेला असतो.